तापलेल्या गच्चीचा जमा-खर्च : उष्णतेचे किरण आणि नॅनो-पदार्थ



गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत रंग विकणारे एक गृहस्थ आले होते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नॅनो' लिहिलेले होते. त्यांनी गच्चीच्या एका कोपऱ्यात आधीच रंग लावून ठेवला होता. बंदुकीसारख्या दिसणाऱ्या थर्मामीटरने त्यांनी रंगवलेला भाग आणि शेजारचा काळवंडलेला भाग यांचे तापमान मोजून दाखवले. फरक पाहून सगळे थक्क झाले. दर ऐकून मात्र सगळे गप्प झाले.

मी वरच्या मजल्यावर राहतो. आई नव्वदीला टेकली आहे आणि तिची खोली थेट गच्चीखाली आहे. वडोदऱ्यात मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला, तरी ते गरम लागते. त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न नुसत्या वर्गणीचा नव्हता. मी शिकलो कॉमर्स, आयुष्य गेले बँकेत. विज्ञान माझा विषय नाही. पण कर्जाचा अर्ज समोर आला की कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय अजून आहे. म्हणून या विषयाचे वाचन केले. जे समजले ते इतर सभासदांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने क्रमवार मांडत आहे.

१. उष्णता कोणत्या वाटांनी जाते?

शाळेत आपण तीन वाटा शिकलो : वहन, अभिसरण आणि प्रारण. गरम तव्याला उलथने लावून ठेवले की दांडा तापतो, ते वहन. पातेल्यातले पाणी खालून तापून वर येते, ते अभिसरण. आणि शेकोटीपासून चार हात लांब बसूनही तोंडाला धग लागते, ते प्रारण. प्रारणाला मध्ये हवा लागत नाही, पाणी लागत नाही. सूर्याची उष्णता मधल्या रिकाम्या अवकाशातून आपल्यापर्यंत येते ती याच वाटेने.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की फक्त सूर्य किंवा विस्तवच असे किरण सोडतात असे नाही. प्रत्येक वस्तू सोडते. भिंत, माठ, गच्ची, आपले शरीर, सगळे. २७ अंश सेल्सियस तापमानाचा, चांगले उत्सर्जन करणारा एक चौरस मीटर पृष्ठभाग दर सेकंदाला सुमारे ४६० जूल, म्हणजे ४६० वॅट, उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकतो. मग आपण गारठून का जात नाही? कारण भोवतालच्या वस्तू आणि वरची हवासुद्धा आपल्याकडे किरण पाठवत असतात. खात्यातून पैसे जातात तसे येतातही. शिल्लक मोजायची ती दोन्ही बाजू पाहूनच.

२. सूर्याचे किरण वेगळे, गच्चीचे वेगळे

वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी कमी. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी मांडला. त्यांना १९११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५५०० अंश सेल्सियस आहे. त्यामुळे त्याचे किरण सर्वांत जोरदार असतात ते सुमारे अर्ध्या मायक्रॉनवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पट्ट्यातला काही प्रकाश डोळ्यांना दिसतो. सूर्याची जवळजवळ सगळी उष्णता ०.३ ते २.५ मायक्रॉन या पट्ट्यात येते.

आपली गच्ची सूर्याच्या मानाने फारच थंड. तिचे किरण दहा मायक्रॉनच्या आसपास असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात.

पुढचे सगळे याच एका गोष्टीवर उभे आहे. येणारी उष्णता एका पट्ट्यात आहे आणि जाणारी दुसऱ्या पट्ट्यात. दोन वेगळी खाती आहेत. म्हणून एकाच पृष्ठभागाला 'सूर्याचे काही घेऊ नकोस आणि स्वतःचे भरपूर देऊन टाक' असे सांगणे शक्य आहे.

३. आकाशातली खिडकी

हिवाळ्यात पहाटे मोकळ्या जागी उभ्या केलेल्या स्कूटरची सीट दवाने भिजलेली असते, पण झाडाखाली लावलेली स्कूटर बरीच कोरडी राहते. हवा तर दोन्हीकडे तीच. मग फरक कशाचा? मोकळ्या सीटला वर थेट आकाश दिसते. ती आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर जमते. झाडाखालच्या सीटला वर पाने दिसतात, आणि पाने तितकीच उष्णता परत पाठवतात. दवामागचे हे कारण विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली दवावरील आपल्या निबंधात मांडले.

आकाश इतके गार कसे? हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बरेचसे अवरक्त किरण अडवतात. पण साधारण ८ ते १३ मायक्रॉन या पट्ट्यात हवा कोरडी असेल तर किरण फारसे अडत नाहीत. ते थेट अंतराळात जातात, आणि अंतराळ अतिशय थंड आहे. शास्त्रज्ञ याला वातावरणाची खिडकी म्हणतात. योगायोग असा, की आपल्या गच्चीच्या किरणांचा जोर नेमका याच पट्ट्यात येतो.

या खिडकीचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वीपासून होत होता. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादला बर्फ कसा करतात याचे वर्णन केले आहे. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाचे किंवा मक्याचे वाळलेले ताट पसरायचे, त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेले पाणी संध्याकाळी ओतून ठेवायचे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही परळांत बर्फाचा थर जमे. सूर्योदयापूर्वी मजूर तो गोळा करीत. यात बाष्पीभवनाचा वाटा होताच, पण मोठे काम करत होते ते उघडे आकाश. वाळलेले ताट जमिनीची ऊब खालून येऊ देत नसे.

आपल्या लहानपणी उन्हाळ्यात अगाशीत गाद्या टाकून झोपायची पद्धत होती. त्यातही वाऱ्याइतकाच या खिडकीचा हात होता.

मग अडचण काय होती? ही युक्ती रात्रीच चाले. दुपारी वरून येणारे ऊन इतके असते की खिडकीतून जाणारी उष्णता त्यापुढे काहीच नाही. ही अडचण दूर करायला नॅनो-रचना लागल्या.

४. पृष्ठभागाचे दोन आकडे

छताचा कोणताही पृष्ठभाग घ्या, त्याचे दोन आकडे विचारा.

पहिला : सौर परावर्तन. आलेल्या उन्हापैकी किती टक्के तो परत फेकतो. साध्या करड्या सिमेंटच्या गच्चीचा हा आकडा साधारण २५ ते ३५ टक्के असतो. बाजारात मिळणारे पांढरे रंग नवे असताना ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातात.

दुसरा : उत्सर्जन. स्वतःची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकण्यात तो किती तत्पर आहे. हा आकडा ० ते १ यांत मोजतात. सिमेंट, चुना, कौले, फरशी, नेहमीचा रंग या सगळ्यांचा हा आकडा ०.९ च्या आसपास असतो. चकचकीत धातूचा मात्र फार कमी असतो.

पत्र्याचे घर का भाजून काढते, याचे एक मोठे कारण इथे आहे. नवा चकचकीत पत्रा बरेच ऊन परत फेकतो, पण जे थोडे घेतो ते बाहेर टाकायला राजी नसतो. जमा चालू, खर्च बंद. मग शिल्लक वाढणारच. हाच गुण थर्मासमध्ये उपयोगी पडतो. जेम्स देवार यांनी १८९२ साली बनवलेल्या निर्वात बाटलीच्या काचेला आतून चांदीचा मुलामा असतो, तो चहाची उष्णता किरणरूपाने बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा चकाकणारे ते सगळे गार, असे समजू नये. पत्र्याला चंदेरी ॲल्युमिनियम रंग देण्यापेक्षा साधा पांढरा रंग देणे बहुधा अधिक फायद्याचे.

या दोन आकड्यांवरून तिसरा एक आकडा काढतात, त्याला सौर परावर्तन निर्देशांक किंवा एसआरआय म्हणतात. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ठरावीक पांढऱ्या पृष्ठभागाला १०० गुण धरले आहेत. हा पांढरा पृष्ठभाग म्हणजे ८० टक्के परावर्तन आणि ०.९ उत्सर्जन असलेला. त्याहून चांगल्या पृष्ठभागाला १०० पेक्षा जास्त गुण मिळू शकतात. ते पाहून दचकू नये.

५. नॅनो म्हणजे काय, आणि ते काय करते?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर.

पदार्थातले कण, छिद्रे किंवा थर यांचा आकार किरणांच्या तरंगलांबीच्या जवळपास आला की किरण वेगळे वागू लागतात. ते विखुरतात, परत फिरतात किंवा एकमेकांना मारक ठरतात. म्हणजे पदार्थ कोणता याबरोबरच त्याची रचना कशी हेही महत्त्वाचे ठरते. साबणाच्या फुग्याला स्वतःचा रंग नसतो, तरी त्यावर रंग दिसतात, कारण त्याचा पडदा तितका पातळ असतो. साखरेचा खडा पारदर्शक असतो, पण पिठीसाखर पांढरीशुभ्र. पदार्थ तोच, फक्त कण बारीक झाले.

निसर्गाने हे आधीच केले आहे. सहारा वाळवंटातल्या रुपेरी मुंगीच्या अंगावर त्रिकोणी छेदाचे अतिसूक्ष्म केस असतात. ते ऊन परतवतात आणि त्याच वेळी मुंगीच्या अंगातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतात. २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

माणसाने केलेले काही महत्त्वाचे प्रयत्न असे :

खिडकीची काच. लो-ई नावाने मिळणाऱ्या काचेवर काही नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर असतो. तो उजेड आत येऊ देतो, पण खोलीकडे येणारे किंवा खोलीतून जाणारे उष्णतेचे किरण रोखतो. साध्या काचेचे उत्सर्जन ०.८४ च्या आसपास असते, या थरामुळे ते ०.१ च्याही खाली आणता येते. हा नॅनो-थर अनेक वर्षे बाजारात आहे, त्यात नवलाई राहिलेली नाही.

सात थरांचा आरसा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील आस्वथ रामन, शानहुई फान आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांदीच्या थरावर हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांचे सात पातळ थर, प्रत्येकाची जाडी हिशोबाने ठरवलेली. या तुकड्याने ९७ टक्के ऊन परतवले आणि खिडकीच्या पट्ट्यात उष्णता सोडली. भर उन्हात तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी गार राहिला. वीज नाही, पाणी नाही. दुपारची अडचण सुटू शकते हे त्या प्रयोगाने दाखवले.

काचेच्या गोळ्यांचा पडदा. सात थर बसवायला महागडी यंत्रे लागतात. कोलोरॅडो विद्यापीठातील रोंगगुई यांग आणि शियाओबो यिन यांच्या गटाने २०१७ साली सोपी वाट काढली. पारदर्शक प्लास्टिकच्या पडद्यात सुमारे आठ मायक्रॉनचे काचेचे गोळे मिसळले आणि मागे चांदीचा मुलामा दिला. पडदा ५० मायक्रॉन जाडीचा. दुपारी त्याने दर चौरस मीटरला ९३ वॅटपर्यंत उष्णता काढून टाकली. हा पडदा कापडाच्या ताग्यासारखा गुंडाळत बनवता येतो.

छिद्रांचा रंग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०१८ साली ज्योतिर्मय मंडल, युआन यांग आणि नानफांग यू यांनी रंगासारखा लावता येणारा पदार्थ केला. लावल्यावर तो वाळताना त्यात सूक्ष्म हवेची छिद्रे तयार होतात, आणि ती छिद्रेच ऊन परतवतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तो हवेपेक्षा सुमारे ६ अंश गार राहिला, तर बांगलादेशच्या दमट हवेत सुमारे ३ अंश. हे दोन आकडे आपण पुन्हा वापरणार आहोत.

अतिशुभ्र रंग. पर्ड्यू विद्यापीठातील शिउलिन रुआन यांच्या गटाने २०२१ साली बेरियम सल्फेटचा रंग जाहीर केला. तो ९८.१ टक्के ऊन परतवतो. नेहमीच्या पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषून घेते, बेरियम सल्फेट तसे करत नाही. शिवाय वेगवेगळ्या आकारांचे कण मिसळल्याने सूर्याच्या सगळ्या पट्ट्याला उत्तर मिळते.

अंगावरचे कापड. स्टॅनफर्डच्याच यी कुई यांच्या गटाने २०१६ साली अतिसूक्ष्म छिद्रांचे पॉलिथिन वापरले. ते डोळ्यांना अपारदर्शक, पण शरीराच्या उष्णतेच्या किरणांना पारदर्शक. सुती कापडाच्या तुलनेत त्याखाली त्वचा सुमारे २ अंशांनी गार राहिली.

६. आता जमा-खर्च मांडू

भर दुपारी निरभ्र आकाशात एक चौरस मीटर सपाट गच्चीवर साधारण १००० वॅट ऊन पडते असे धरू. गच्ची हवेइतक्याच तापमानाला आहे आणि हवा कोरडी आहे असे धरले, तर खिडकीतून होणारा निव्वळ खर्च साधारण १०० वॅट. हे ढोबळ आकडे आहेत, पण निर्णयाला पुरेसे आहेत.

करडी सिमेंटची गच्ची (परावर्तन ३० टक्के) : जमा ७००, खर्च १००. शिल्लक ६०० वॅट.

साधा पांढरा रंग (८० टक्के) : जमा २००, खर्च १००. शिल्लक १०० वॅट.

उत्तम पांढरा रंग (९० टक्के) : जमा १००, खर्च १००. शिल्लक शून्य.

नॅनो-रचनेचा पृष्ठभाग (९७ टक्के) : जमा ३०, खर्च १००. शिल्लक उणे ७० वॅट.

शिल्लक राहिलेली उष्णता गच्चीचे तापमान वाढवते, आणि गच्चीच्या स्लॅबमध्ये ती साठून राहते. रात्री अकराला हाताला लागते ती हीच. शिल्लक उणे असेल तर पृष्ठभाग हवेपेक्षाही गार होतो.

आता आकडे पुन्हा पाहा. करड्या गच्चीवरून साध्या पांढऱ्यावर आलो तर ५०० वॅट वाचले. साध्या पांढऱ्यावरून नॅनोवर गेलो तर आणखी १७० वाचले. शेवटचे १७० वॅट खरे आहेत, विज्ञानाच्या दृष्टीने तेच मोठे आहेत, कारण शून्याच्या खाली तेच नेतात. पण घरखर्चाच्या दृष्टीने पहिले ५०० स्वस्तात मिळतात. त्यासाठी चुना, पांढरा रंग किंवा आपल्याकडच्या अनेक गच्च्यांवर असलेली पांढरी चायना मोझॅकही चालते.

आमच्या सभेत त्या गृहस्थांनी तुलना केली होती ती काळवंडलेल्या गच्चीशी. शेजारी चुन्याचा एक पट्टा मारून त्याच्याशी केली नव्हती. फरक खोटा नव्हता. पण त्यातला मोठा भाग नॅनोचा नव्हता, पांढऱ्या रंगाचा होता.

७. मर्यादा

दमट हवा. खिडकी वाफेने झाकली जाते. म्हणूनच वर सांगितलेला ॲरिझोनाचा ६ अंशांचा फरक बांगलादेशात ३ वर आला. गोव्यात किंवा पावसाळ्यात कुठेही शून्याखालची शिल्लक मिळणे अवघड. ऊन परतवण्याचा फायदा मात्र तिथेही मिळतो.

धूळ आणि शेवाळ. ९७ टक्के परावर्तन हा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ तुकड्याचा आकडा असतो. गच्चीवर धूळ बसते, कबुतरे येतात, पावसाळ्यात शेवाळ धरते. परावर्तन पाच-सात टक्क्यांनी घसरले तरी महागड्या रंगाचा फायदा बराचसा पुसला जातो. गच्ची धुणे हा खर्चाचा भाग समजावा.

हिवाळा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना जानेवारीत गच्चीची ऊब हवी असते. यावर बर्कलीच्या संशोधकांनी २०२१ साली व्हॅनेडियम डायऑक्साइड वापरून एक लेप केला. तो उन्हाळ्यात उष्णता सोडतो आणि थंडीत आपोआप राखून ठेवतो. उत्सर्जन १५ अंशांखाली सुमारे ०.२, तर ३० अंशांवर सुमारे ०.९. अजून तो संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

भिंती आणि शेजारी. भिंतीला आकाश अर्धेच दिसते, बाकी रस्ता आणि समोरची इमारत. त्यामुळे तिथे हा लाभ कमी. शिवाय चकाकणारे छत समोरच्या उंच इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांवर येऊ शकते.

हे एसीची जागा घेत नाही. पण एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो आणि वीजही खातो. आकाशाकडे गेलेली उष्णता गल्लीत येत नाही.

८. आपल्या शहरांतले अनुभव

आमच्या शेजारच्या अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक जास्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तिथे मुख्यतः चुना वापरला गेला.

तेलंगणाने २०२३ ते २०२८ साठी गार छतांचे धोरण आखले. हैदराबादच्या सभासदांनी त्याची नोंद घ्यावी : सरकारी इमारतींबरोबरच ६०० चौरस यार्डांहून मोठ्या भूखंडावरील नव्या घरांनाही ते लागू आहे.

९. रंग घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. सौर परावर्तन किती आणि उत्सर्जन किती? दोन्ही आकडे लेखी हवेत. नुसते 'इतके अंश गार' हे उत्तर नव्हे.

२. चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली? अहवालाची प्रत मिळेल का?

३. एक ते तीन वर्षे उन्हापावसात राहिल्यावरचे परावर्तन किती? नव्याचे नऊ दिवस सगळ्याच रंगांचे असतात.

४. तुलना कशाशी केली? गच्चीच्या एका कोपऱ्यात चुन्याचा पट्टा, दुसऱ्यात साधा पांढरा रंग, तिसऱ्यात हा रंग लावून एकाच दुपारी मोजावे.

५. बंदुकीसारखा थर्मामीटर अवरक्त किरण मोजून तापमान सांगतो. चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. पत्र्यावरची तुलना त्याने करू नये.

६. उत्सर्जन ०.९ असल्याचे कोणी फुशारकीने सांगितले, तर तेवढे आपल्या चुन्याचेही असते हे लक्षात ठेवावे.

७. गळती बंद करणे आणि गारवा देणे ही दोन कामे आहेत. एकाच डब्यात दोन्ही असतील, तर दोन्हींची हमी वेगवेगळी लिहून घ्यावी.

आमच्या सोसायटीने हे प्रश्न त्या गृहस्थांना पाठवले. उत्सर्जनाचा आकडा आला, परावर्तनाचा अजून आलेला नाही. तोपर्यंत आम्ही गच्ची खरवडून, धुऊन तिला चुन्याचे दोन हात दिले. पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावे लागतील, हे मान्य करूनच. या मे महिन्यात रात्री मी पुन्हा स्टुलावर चढून पाहिले. आईच्या खोलीचे छत अजून कोमट लागते, पण हात लगेच मागे घ्यावा लागत नाही. आई म्हणाली, "आता तरी दुपारी डोळा लागतो."

नॅनो-पदार्थांचे दिवस येतील यात मला शंका वाटत नाही. त्यांचे विज्ञान पक्के आहे, आणि किंमत उतरली की ते आपल्याही गच्चीवर येतील. तोवर डब्यावरच्या शब्दाला पैसे न देता दोन आकड्यांना द्यावेत. आणि ज्यांच्या घरी गच्चीखाली कोणी वडीलधारे राहत असेल, त्यांनी पुढच्या होळीच्या आत निदान चुना तरी लावून घ्यावा, ही विनंती.